शेतावर राहून घरबसल्या कमाई: नेमकं कशातून पैसे सुटतात?

माळावरचं_घर
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं आणि मुलगी, शहर सोडून शेतावर कायमचे राहायला आलोय. जागा दीड एकराच्या आसपास, विहिरीला पाणी बारमाही आहे, परसबाग छान लागलीये, थोड्या कोंबड्या आहेत, फळझाडं अजून लहान आहेत. घरात खायला बऱ्यापैकी सगळं पिकतंय, त्याची चिंता नाही. पण लाइटचं बिल, शाळेची फी, दवाखाना, गाडीचं पेट्रोल, इन्शुरन्स हे सगळं रोखीनंच भागवावं लागतं आणि साठवलेले पैसे हळूहळू कमी होतायत.

मला नोकरीसाठी रोज बाहेर पडायचं नाही, मुलगी लहान आहे आणि जनावरांना दिवसभर एकटं सोडता येत नाही. व्हिडिओ बघितले की कोणी म्हणतं अंडी विका, कोणी म्हणतं मध, कोणी म्हणतं साबण, कोणी म्हणतं ऑनलाइन काम करा, आणि प्रत्येकाचं म्हणणं हेच की लाखोंची कमाई होते. मला लाखो नकोत, दर महिन्याला ठरलेली बिलं निघाली पाहिजेत. जे प्रत्यक्ष शेतावर राहतात त्यांनी सांगा, कशातून पैसे सुटतात आणि किती वेळ जातो? इंटरनेट आहे पण पावसात आणि वाऱ्यात जातं, लाइटचंही तसंच.

खुराडा
ताई, कोंबड्या आहेतच म्हणताय तर आधी अंड्यांचं गणित मांडते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. अंड्यावरची मोठी कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे दहा कोंबड्यांना रोज सव्वा किलोच्या आसपास. आणि दहा कोंबड्या म्हणजे रोज दहा अंडी असं होत नाही, पिसं गाळायच्या काळात अंडी थांबतात, दिवस लहान झाला की कमी होतात, वर्षाची सरासरी काढली तर चांगल्या जातीची सातच धरा, गावरान असतील तर त्याहून कमी. म्हणजे एका अंड्यामागे दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम खाद्य गेलं. तेवढ्या खाद्याची तुमच्याकडची किंमत आणि अंड्याचा भाव एका कागदावर शेजारी शेजारी लिहा, मग कळेल किती उरतं. बहुतेक ठिकाणी खाद्याचा खर्च निघतो आणि घरची अंडी फुकट पडतात, त्यापुढे फार काही नाही. मी त्याला वाईट म्हणत नाहीये, पण शाळेची फी त्यातून निघणार नाही.

पैसे पिल्लांत आणि तलंगांत आहेत. उबवायची अंडी, एक दिवसाची पिल्लं, आणि अंड्यावर यायला आलेल्या तलंगा, असे तीन टप्पे, प्रत्येक टप्प्याला भाव चढतो. तलंग तयार व्हायला १८ ते २० आठवडे लागतात, तोपर्यंतचं खाद्य तुमचं, ते धरूनच भाव सांगायचा. दहाएक कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. अंडी गोळा केली की टोकाची बाजू खाली ठेवून थंड जागी ठेवायची आणि आठवड्याच्या आत अंडी उबवायच्या मशीनमध्ये घालायची, त्यानंतर पिल्लं निघायचं प्रमाण पडत जातं. हवा खेळती ठेवणारा पंखा असलेलं मशीन असेल तर तापमान ३७.५ अंश, दिवसातून तीनदा तरी अंडी फिरवायची, १८ व्या दिवशी फिरवणं बंद करून ओलावा वाढवायचा आणि २१ व्या दिवशी पिल्लं. आठवड्यानं अंधारात अंड्याखाली टॉर्च धरून बघा, जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसतात आणि मध्ये एक काळा ठिपका हलताना दिसतो. ज्यात काहीच दिसत नाही ते काढून टाकायचं, आतच सडून फुटलं तर बाकीच्यांना धोका.

दोन गोष्टी आधीच ठरवा. निम्मी पिल्लं नर निघणार, त्यांचं काय करायचं ते पहिल्या दिवसापासून माहीत हवं. आणि लसीकरण, राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस पहिल्या आठवड्यातच येते, तुमच्या पशुवैद्यांकडून वेळापत्रक लिहून घ्या. लस दिल्याची नोंद दाखवता आली की गिऱ्हाईक परत येतं. लाइट जाते म्हणालात, मशीनला बॅटरी बॅकअप नसेल तर अंडी उबवायला बसणाऱ्या खुडूक कोंबडीखालीच सुरुवात करा, तिला लाइट लागत नाही.

कलमवाला
खुराडा ताईंनी लिहिलंय ते पटलं, पण माझं मत वेगळं आहे. दीड एकरात, पाणी असताना, सगळ्यात कमी जागेत जास्त पैसे देणारी गोष्ट म्हणजे रोपं. एका चौरस मीटरमध्ये ९८ खाचांचे सहा-सात ट्रे बसतात, म्हणजे सहाशेच्या वर रोपं, आणि भाजीची रोपं चार ते सहा आठवड्यांत विकायला तयार. तेवढ्याच जागेत भाजी पिकवली तर काय हाताला लागेल त्याचा विचार करा. शिवाय भाजी तोडल्या दिवसापासून खराब व्हायला लागते, रोप मात्र आठवडाभर थांबू शकतं.

सगळा खेळ तारखेचा आहे. तुमच्या भागात लोक टोमॅटो, वांगी, मिरची कधी लावतात ती तारीख धरायची आणि उलटं मोजत यायचं. मिरची उगवायलाच वेळ घेते म्हणून ती आधी, काकडीवर्गातलं तीन आठवड्यांत होतं आणि जास्त ठेवलं तर मुळं गुंडाळतात म्हणून ते सगळ्यात शेवटी. एकदम सगळे ट्रे भरू नका, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं भरा, कारण काही लोक उशिरा जागे होतात आणि त्यांना रोपं हवीच असतात. विकायच्या आधी आठवडाभर रोपं बाहेरच्या उन्हाला, वाऱ्याला हळूहळू सवय करून द्यायची, पाणी थोडं कमी करायचं. हे न करता दिलेली रोपं लावल्यावर माना टाकतात आणि मग ते गिऱ्हाईक पुढच्या हंगामात येत नाही.

दुसरा भाग कलमांचा, त्याला धीर लागतो पण भाव वेगळाच. तुमची फळझाडं लहान आहेत म्हणता, पण डाळिंब, अंजीर, द्राक्ष यांच्या छाटणीत जी काडी फेकून दिली जाते तीच छाट कलमाला चालते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब काडी, तीन-चार डोळे असलेली, खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली आणि वरचा काप तिरका, म्हणजे उलटी लावली जात नाही. गुटी कलम पेरू-लिंबाला छान होतं, फांदीची साल बोटाच्या पेराएवढी गोल काढायची, खालचा बुळबुळीत थर खरवडून टाकायचा, नाहीतर साल परत जुळते आणि मुळं फुटतच नाहीत, मग ओलं मॉस लावून प्लास्टिकनं घट्ट बांधायचं. प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली आणि ती पिवळसर व्हायला लागली की कापायचं.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. ज्या जातींवर कुणाचा हक्क नोंदवलेला आहे त्यांची कलमं करून विकायची नाहीत. आणि बियांपासून रोपं करताना एफ१ हायब्रीडच्या, म्हणजे दोन जातींच्या संकराच्या, फळातलं बी वापरू नका, पुढची पिढी आईसारखी येत नाही, लोक तुमच्याकडून जात बघून घेतात आणि फळ वेगळंच लागतं.

वायफाय_आणि_विळा
मी ऑनलाइन काम करतो आणि शेतावरच राहतो म्हणून लिहितो. वरच्या दोघांचं सगळं बरोबर आहे पण ताईंचा प्रश्न दर महिन्याच्या बिलांचा आहे, आणि रोपं, पिल्लं, मध हे सगळं हंगामी. माझ्या मते घरातल्या एकानं तरी हवामानावर अवलंबून नसलेलं एक काम धरावं, रोज चार तास का होईना, आणि शेतावरची कमाई त्याच्या जोडीला वाढवत न्यावी. असं केलं की एखाद्या वर्षी गारा पडल्या तरी घर चालतं आणि घाईत काहीही विकायची वेळ येत नाही.

काम निवडताना एकच बघा, ते थेट कॉलवरचं आहे की वेळेत करून पाठवायचं आहे. भाषांतर, लोकांचे हिशेब लिहिणं, व्हिडिओची सबटायटल्स, लेख तपासणं, डिझाइन, हे सगळं नेट नसताना करता येतं आणि नेट आलं की पाठवता येतं. कस्टमर सपोर्ट किंवा ऑनलाइन शिकवणीला मात्र नेट अखंड लागतं. सॅटेलाइट इंटरनेट घेणार असाल तर कोणत्या प्रकारचं ते नीट विचारा. जुन्या पद्धतीचे उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर असतात, बोललेलं जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त जातो, कॉलवर दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. खालच्या कक्षेतले काही शे किलोमीटरवर असतात, त्यांना हा त्रास जवळपास नाही.

लाइटचं सांगतो. लॅपटॉप ५० वॅट, राउटर १० वॅट धरला तर आठ तासांना ४८० वॅट-अवर लागतात. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॅट-अवर, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, तिचं आयुष्य कमी होतं, म्हणजे वापरायला ६०० मिळाले. इन्व्हर्टरमध्ये थोडं जातं, तरी एक दिवसाचं काम निघतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, घरबसल्या टायपिंग, घरबसल्या डेटा एंट्री अशा जाहिरातीत आधी रजिस्ट्रेशनचे पैसे, ट्रेनिंगचे पैसे किंवा डिपॉझिट मागितलं की तिथंच थांबा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. रेटिंग द्या, लाइक करा असली कामं देऊन आधी थोडे पैसे खात्यात टाकतात आणि विश्वास बसला की मोठी रक्कम भरायला लावतात, यात भली भली माणसं फसली आहेत.

माळावरचं_घर
खूप धन्यवाद सगळ्यांना, इतकं सविस्तर कुणी सांगितलंच नव्हतं. हे अकाउंट्सचं काम करायचे, छोट्या दुकानांचे हिशेब घरून करता येतील का असं आमचं बोलणं झालं होतं पण आम्ही त्याला शेतावरची कमाई धरत नव्हतो. आता वाटतंय तेच आधी पक्कं करावं. मधाबद्दल कुणी बोललं नाही, आणि मला घरात जॅम, सुकवलेल्या औषधी वनस्पती, साबण असं काही करून विकायची फार हौस आहे, त्याचं सांगाल का?

मोहोळ
मधाचं मी सांगते. पहिल्या वर्षी मधाची कमाई धरूच नका. नवीन वसाहत स्वतःचं पोळं बांधण्यात आणि साठा करण्यात गुंतलेली असते, तो साठा काढून घेतला तर फुलोरा नसलेल्या दिवसांत ती उपाशी मरते. मध काढताना बहुतेक कप्प्यांवर मेणाचं झाकण बसलेलं हवं. झाकण नसलेल्या मधात पाणी जास्त असतं आणि पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की तो आंबू शकतो, म्हणून एक छोटा रिफ्रॅक्टोमीटर घ्याच. आणि बाटलीवर लिहा की एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, हे कुठलाही मध कितीही शुद्ध असला तरी लागू आहे.

मधमाशांतली खरी कमाई माझ्या मते वसाहती विकण्यात आहे. जोमदार पेटीचे दोन भाग करायचे, बिनराणीच्या भागात ताजी अंडी असलेल्या चौकटी गेल्या पाहिजेत, मग माश्या स्वतः नवी राणी तयार करतात. युरोपियन मधमाशीत अंड्यापासून राणी बाहेर यायला १६ दिवस, कामकरीला २१, नराला २४. राणी मिलनासाठी उडून परत येऊन अंडी घालायला लागेपर्यंत जवळपास महिना जातो, तेवढे दिवस पेटी उघडून बघायचा मोह टाळायचा. शिवाय तुमच्या काकडी-भोपळ्याला आणि फळझाडांना परागीभवन मिळतं ते वेगळंच. पण घरात कुणाला डंखाची ॲलर्जी नाही ना ते आधी तपासा, मुलगी लहान आहे.

चुलीपाशी
खाद्यपदार्थ करून विकताय तर सगळ्यात आधी तुमच्याकडच्या सरकारी नियमांत घरच्या स्वयंपाकघरातून काय विकता येतं ते बघा. प्रत्येक देशात वेगळं आहे, बऱ्याच ठिकाणी सुकं आणि गोड चालतं पण डबाबंद भाज्या आणि मांस-दुधाचं चालत नाही किंवा वेगळा परवाना लागतो. त्यामागं कारण आहे. पीएच ४.६ च्या वर असलेल्या, म्हणजे पुरेशा आंबट नसलेल्या, पदार्थाच्या हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, आणि साध्या उकळत्या पाण्यानं त्यांचे बीजाणू मरत नाहीत, त्याला प्रेशर लागतं. त्या विषाला दर वेळी वास किंवा चव असते असंही नाही. म्हणून आंबट फळांचे जॅम सुरक्षित बाजूला, तेलात बुडवलेला कच्चा लसूण अजिबात नको. पीएच मीटर स्वस्तात मिळतो, प्रत्येक घाण्याची नोंद वहीत ठेवा.

सुकवलेल्या वनस्पती मला सगळ्यात आवडतात, पुदिना, गवती चहा, तुळस, कॅमोमाइल. सकाळी दव वाळल्यावर पण ऊन चढायच्या आधी तोडायच्या, सावलीत पातळ पसरायच्या, पान चुरगळलं की कुरकुरीत मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर अजून ओलं आहे आणि बरणीत बुरशी येणार. वजन फार कमी होतं, ओल्याचं पाचातलं एकच उरतं असं समजा, भाव त्या हिशेबानं लावा. आणि पाकिटावर अमुक आजार बरा होतो असं काहीही लिहू नका, ते कायद्यातही बसत नाही आणि खरंही नसतं.

साबणाला कॉस्टिक सोडा लागतो, लहान मूल घरात असताना ते झोपल्यावर किंवा बाहेर गेल्यावरच करा, गॉगल आणि हातमोजे घालून. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळा लागतो, तो साबणाच्या कॅल्क्युलेटरवर काढायचा आणि वजन काट्यावर करायचं, मापट्यानं नाही. वड्या कापल्यावर चार ते सहा आठवडे मुरू द्यायच्या. म्हणजे आज केलेल्या साबणाचे पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात, तेवढं भांडवल अडकवून ठेवायची तयारी हवी.

गांडूळ_दोस्त
थोडक्यात लिहितो. कोंबड्या आणि बाग आहे तर गांडूळखत कराच, पण गोणीनं विकायच्या भानगडीत पडू नका, वाहतुकीतच पैसे जातात. ते कलमवाला म्हणतात त्या रोपांच्या मातीत वापरा, बाहेरून मिक्स आणायचा खर्च वाचतो. कोंबडीची ताजी विष्ठा थेट गांडुळांना घालू नका, तिच्यातल्या अमोनियानं मरतात, आधी पालापाचोळ्यात नीट कुजवून घ्या. दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं, चाळून वापरा.

माळावरचं_घर
वाचून आमचं असं ठरतंय: ह्यांनी दोन-तीन दुकानांचे हिशेब घ्यायचे, मी रोपं करायची, आणि कोंबड्यांत खुडूक कोंबडीखाली थोडी पिल्लं. मधमाश्या आणि साबण पुढच्या वर्षी. आता दोन प्रश्न राहिले. रोपं विकायची कुणाला, आमच्या आजूबाजूला वस्ती विरळ आहे. आणि पैसे आधी घ्यावेत का? मला मागायला फार संकोच वाटतो.

वाटा_भाजीचा
ताई, संकोच करू नका, आधी पैसे घेऊन पिकवायची पद्धत चांगली रुळलेली आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात तेइकेई नावानं शहरातली कुटुंबं आणि शेतकरी थेट जोडले गेले, अमेरिकेत १९८६ पासून अशाच पद्धतीची शेतं सुरू झाली, तिथं सभासद हंगामाच्या सुरुवातीला वाट्याचे पैसे भरतात आणि दर आठवड्याला टोपली नेतात. शेतकऱ्याला बियाणं-खताला पैसे हवे असतात तेव्हाच हाताशी येतात आणि काय, किती लावायचं तेही कळतं.

पण पहिल्याच वर्षी भाजीच्या टोपलीचा शब्द देऊ नका. दर आठवड्याला सात-आठ प्रकार भरायचे म्हणजे पेरणी फार काटेकोर लागते आणि एक आठवडा चुकला की लोक नाराज. रोपांची आगाऊ नोंदणी घ्या, ते सोपं आहे. लावणीच्या दोन महिने आधी एक यादी करा, जात, फळ कसं, रोप कधी मिळणार, एवढंच. ती शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर, बागेची आवड असलेल्यांच्या ग्रुपवर टाका, तुमचे जुने शहरातले शेजारी बाल्कनीत कुंड्या लावत असतीलच, त्यांनाही पाठवा. निम्मे पैसे नोंदणीला, निम्मे रोप हातात दिल्यावर, आणि रोप नाही देता आलं तर पूर्ण परत, हे यादीतच लिहून टाका म्हणजे प्रत्येकाला तोंडानं सांगावं लागत नाही. वस्ती विरळ आहे तर एकेकाला घरपोच देत बसू नका, महिन्यात दोन ठरलेले दिवस आणि एक ठरलेली जागा.

कलमवाला
वरचं सगळं बरोबर. फक्त एक जोडतो, नोंदणी आली त्याच्यापेक्षा पाचवा हिस्सा जास्त पेरा, सगळं बी उगवत नाही आणि काही रोपं मरतुकडी निघतात. आणि जुनं बी असेल तर आत्ताच उगवण तपासा, ओल्या कागदी रुमालात २० बिया गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत उबदार जागी ठेवा, टोमॅटोला आठवडा पुरतो, मिरचीला दोन आठवडे द्या. १६-१७ उगवल्या तर बिनधास्त पेरा, दहाच्या आसपास आल्या तर एका खाचेत दोन-दोन टाका आणि उगवल्यावर कमजोर रोप कात्रीनं कापा, उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात.

माळावरचं_घर
बी काढलं, सहा जातींचं तपासायला ठेवते आज. रुमाल रोज ओला करायचा का?

कलमवाला
पिशवीचं तोंड बंद असेल तर रोज गरज नाही, दोन दिवसांनी हात लावून बघा. पाणी निथळता कामा नये, नुसता दमट हवा. आणि प्रत्येक पिशवीवर जात आणि तारीख पेन्सिलीनं कागदावर लिहून आत टाका, पेनची शाई ओलीत पसरते.